माया किती सोडायची

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं सावरून घेतलं आहे.)



संयोजकांचा मला फोन आला तो विषय ठरवूनच. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल. आपल्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय होणार तेवढं सांग.’ मी म्हटलं, ते मला कळलं असतं तर मी रात्री शांत झोपले असते. त्यापेक्षा मला शिवणावर बोलू द्या. पलीकडे जरा शांतता. मग हळूच, ‘शिवण म्हणजे शिवणकामच ना?’ तेच. सुई, दोरा, कात्री. समोर शिवणाच्या बाई बसल्या आहेत, त्यामुळे आज मला हिंजवडीतल्या कुठल्याही मीटिंगपेक्षा जास्त धडधडतंय.

आठवी-नववीत आपल्याला कार्यानुभवाचे तास असायचे ते आठवा. मुलींना शिवण, मुलांना बागकाम. मुलांचं बागकाम मैदानावर बॅट घेऊन चालायचं हे सरांना माहीत होतं, आता त्यांनी नाही म्हणू नये. बाईंनी आम्हाला एक वही करायला लावली होती. चित्रकलेची मोठी वही, पानापानावर मांजरपाटाचा वीतभर तुकडा चिकटवलेला आणि त्यावर एकेक टाका. धावदोरा, उलटी टीप, हेम, साखळी, काजं, रफू. मग वर्तमानपत्राचं झबलं बेतायचं, आणि ते जमलं की कापडाचं.

झबलं हातात आलं की बाई ते आधी उलटं करायच्या. मी गळ्याला छान लेस लावली होती, पुढे दोन कमळं भरली होती. त्यांनी कमळांकडे बघितलंसुद्धा नाही. ‘वरून सगळ्याच नटवतात. आतलं दाखव.’ आत दोऱ्यांचं रान माजलेलं. मग त्यांनी खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ताणली, ती टर्रकन उसवली. ‘माया किती सोडलीस?’

मुलांना हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत असेल म्हणून सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. वरून ते दिसत नाही. मूल अंगाने भरलं की शिवण उसवायची आणि त्या मायेतून कपडा सैल करायचा. मी कापड वाचवायला म्हणून दोरा मावेल एवढीच माया सोडली होती. मला दहात चार मिळाले. आपल्या शाळेत मला मिळालेले ते सर्वांत कमी गुण, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीने त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही असं घरी सगळ्यांनी समजावलं. मीही ते पटवून घेतलं. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, लग्न, मुलगा. पंचवीस वर्षांत शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा मी खालच्या शिंप्याकडे दिलं.

पुन्हा सुई हातात घेतली ती २०२० मध्ये. घरातून काम, बाहेर सगळं बंद, आणि सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या तोंडाला दोन महिने एकच रुमाल. सासूबाईंचं पायाचं उषा मशीन गच्चीच्या जिन्यात कुंडीचा स्टँड होऊन बसलं होतं. वादी सैल झाली होती, ती कापून जोडली, तेल घातलं, आणि मास्क शिवायला घेतले. सुती कापडाचे तीन थर, मधे तीन घड्या, कानाला इलास्टिक. इलास्टिक मिळेना तेव्हा जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या. पहिल्या दिवशी कापडाखाली दोऱ्याचा नुसता गुंता होत होता. मी चार तास खालच्या बॉबिनशी झटत होते आणि दोष होता वरच्या दोऱ्याच्या ताणात. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, चूक जिथे दिसते तिथे ती क्वचितच असते. पण मशीनवर ते कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

मास्कांवरून मी भेटवस्तूंवर आले. मैत्रिणीच्या नातीला खणाची कुंची. (होय, आपल्यापैकी एक आजी झाली आहे. टाळ्या नंतर.) मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या मित्रांना ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून सागरगोट्यांच्या पिशव्या, नाडी ओढली की तोंड मिटणाऱ्या. त्यातल्या सागरगोट्या दुसऱ्या दिवशी कुणाला आठवल्या नाहीत, पण पिशव्या अजून वापरात आहेत, कुणी त्यात कंचे ठेवतं, कुणी चार्जरच्या वायरी. तुळशीबाग आणि रविवार पेठ मी आता डोळे मिटून फिरू शकते. ऑफिसात कुणी विचारतं, ‘एवढा वेळ मिळतो तुला?’ आणि नात्यातल्या एक बाई माझ्या देखत म्हणाल्या, ‘घरीच शिवलं का? बरं झालं, पैसे वाचले.’ त्यांना अस्तर, लेस आणि माझे सहा तास यांचा हिशेब सांगावासा वाटला होता. नाही सांगितला.

चुका पुष्कळ केल्या. एका सहकाऱ्याच्या दीड वर्षाच्या मुलीला कापडी बाहुली करून दिली, डोळ्यांना दोन काळीभोर बटणं. सगळ्यांनी वा वा केलं. महिन्याने त्यांच्या घरी गेले तर बाहुली आंधळी. बाळाच्या आईने बटणं कापून टाकली होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नव्हती. लहान मूल सगळं तोंडात घालतं, बटण ओढून काढतं, आणि ते घशात अडकलं तर काय होतं हे मला, एका मुलाच्या आईला, सुचलं नव्हतं. आता तीन वर्षांखालच्या मुलाचं काही केलं तर डोळे दोऱ्याने भरते. टोपड्याचे बंद अगदी आखूड ठेवते, गळ्याभोवती गुंडाळले जाऊ नयेत इतके. माझ्या स्वतःच्या मुलाने तर स्पष्टच सांगितलं, ‘आई, तू शिवलेला शर्ट मी घरी घालीन, शाळेत नाही.’ त्याला कॅरमच्या सोंगट्यांना पिशवी हवी होती. ती मागून घेतली आणि अजून वापरतो.

हाताने केलेल्या भेटीत एक गोम आहे. ती घेणाऱ्याला नाकारता येत नाही. दुकानातला कप आवडला नाही तर पुढे कुणाला तरी देता येतो. मी रात्री जागून शिवलेली उशी तुम्हाला आवडली नाही तर तुम्ही काय कराल? मी येणार असेन तेव्हा ती कपाटातून काढून सोफ्यावर ठेवाल. अशा माझ्या दोन उशा आज या सभागृहातल्या दोन घरांत आहेत, मला माहीत आहे.

आता जे सांगायला मी खरी उभी राहिले ते सांगते. ज्या मैत्रिणीबद्दल आहे ती इथेच बसली आहे. तिला विचारूनच सांगतेय. नाव घेऊ नको एवढंच म्हणाली. निम्म्या जणांना ओळखू येईलच, त्यांनी कृपया मागे वळून बघू नये.

तिचं माहेर सांगलीतच, मारुती चौकाच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ चा महापूर कुणाला सांगायला नको. इशारा, धोका सगळं मागे टाकून आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा तिच्या आईने टीव्ही बघितला नाही, फ्रिज बघितला नाही. साड्यांची ट्रंक आधी वर न्या म्हणून हटून बसल्या. ती ट्रंक दोघा भाच्यांनी डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेली, मग काकू जिना चढल्या. खालचं सगळं गेलं. ट्रंक कोरडी राहिली.

२०२२ मध्ये काकू गेल्या. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांच्या हातचं थालीपीठ खाल्लं आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मैत्रिणीने ट्रंक उघडली. वाटून झाल्या तरी नऊ साड्या राहिल्या. मी होऊनच म्हटलं, ‘दे इकडे, मी गोधड्या करते. एक तुला, एक तुझ्या लेकीला.’ ती म्हणाली, ‘करशील?’ आणि जुन्या चादरीत बांधून सगळं बोचकं माझ्या गाडीत ठेवलं.

पुण्यात आल्यावर मी कामाला लागले, आमच्या पद्धतीने. आधी हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला एका साडीतून एक थर निघतो आणि वर थोडे तुकडे उरतात. आतले थर सुतीच हवेत, सिंथेटिक सरकतं आणि अंगाला गरम होतं. नऊपैकी दोन इरकली, तीन साध्या सुती, एक नारायणपेठी, बाकी सिंथेटिक. कागदावर सगळं मांडलं. आणि मग शिवणाचा पहिला नियम. वेगवेगळी कापडं एकत्र शिवायची असतील तर आधी धुवायची. प्रत्येक कापड वेगळं आटतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात गोधडीला जागोजागी चुण्या पडतात. त्यात इरकलीच्या लाल पदराचा रंग सुटायची भीती. नियम अगदी बरोबर आहे, मी आजही कुणाला तेच सांगेन.

तर मी त्या नऊच्या नऊ साड्या धुतल्या. इरकली वेगळ्या, बाकीच्या मशीनमध्ये, कोमट पाण्यात, भरपूर पावडर घालून. शेवटच्या पाण्यात लॅव्हेंडरच्या वासाचं ते सॉफ्टनर. चादरसुद्धा धुतली, सोडली नाही. गच्चीवर दोऱ्यांवर साड्या उडत होत्या, काय देखणं दिसत होतं. फोटो काढला आणि तिला पाठवला. ‘श्रीगणेशा!’ असं लिहून.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला.

‘सगळ्या धुतल्यास?’

‘सगळ्या. एकदम स्वच्छ झाल्यात बघ.’

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘आईचा वास होता गं त्याला.’

कापूर, खोबरेल तेल आणि थोडी मशेरी. काकू मशेरी लावायच्या हे त्यांनी जन्मभर चोरून ठेवलं होतं, आणि ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. मैत्रीण वर्षभर अधूनमधून ट्रंक उघडून तोंड आत घालून बसायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. ‘पुरातनं वाचवल्या होत्या त्या,’ एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गच्चीत गेले, साड्या नाकाला लावून बघितल्या. एकूणएक साडी लॅव्हेंडरची. हसू नका, पण मी नेटवर शोधलं, कापडातून गेलेला वास परत आणता येतो का. नाही येत.

पुढचे सात-आठ महिने आम्ही बोललो ते वाढदिवस आणि सणापुरतं. साड्या घडी करून माझ्या कपाटात. परत न्यायला जावं तर कुठल्या तोंडाने, आणि कापाव्या तर हात होईना. कामावर मी चाळीस माणसांच्या टीमला सांगत असते, वापरणाऱ्याला आधी विचारा, तुम्हाला काय वाटतं ते बाजूला ठेवा. त्यासाठी मला पगार मिळतो. कपाट उघडलं की ते वाक्य आठवायचं, म्हणून मी ते कपाट उघडणं बंद केलं.

मग तिच्या लेकीच्या ॲडमिशनसाठी दोघी पुण्यात आल्या. माझ्याकडेच उतरल्या, हे तिचं मोठेपण. रात्री जेवण झाल्यावर तीच म्हणाली, ‘काढ बघू साड्या.’ मी पलंगावर पसरल्या. गोधडी करायची तर फॉल उसवावा लागतो, म्हणून बोलायला काही नव्हतं तेव्हा दोघी एकेक साडी घेऊन फॉल उसवत बसलो. तिची लेक मोबाइलचा टॉर्च धरून. एका सुती साडीच्या काठाजवळ लेकीचं बोट थांबलं. ‘हे काय आहे?’

रफू होतं. नखाएवढं. उभे धागे आडव्यांतून एक वर एक खाली असे ओवलेले, साडीच्याच रंगाच्या दोऱ्याने. मग आम्ही शोधतच सुटलो. नऊ साड्यांत मिळून चौदा रफू निघाले. पुढच्या निऱ्यांपाशी, जिथे पायात येऊन साडी फाटते तिथे जास्त. एक पदराच्या टोकाला, खिळ्याला अडकून फाटलं असणार. काही इतके बारीक की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हते. दोन मात्र भलतेच ओबडधोबड, दोरापण वेगळ्या रंगाचा. मैत्रीण त्यावरून बोट फिरवत म्हणाली, ‘हे मोतीबिंदू झाल्यावरचे. ऑपरेशनला तयार नव्हती.’

मी कागदावर जो आराखडा केला होता त्यात हे सगळे भाग खराब कापड म्हणून वगळायचे ठरवले होते. तशी खूणही केली होती, लाल पेन्सिलीने फुली. ती फुली मैत्रिणीने बघितली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मी कागद फाडला.

गोधडी माझ्या मशीनवर झाली नाही, पुण्यात झाली नाही. मे महिन्यात मी दहा दिवसांची रजा काढून तिच्या माहेरी गेले. खालच्या खोलीत, पुराची रेघ अजून भिंतीवर पुसट दिसते तिथे, सतरंजीवर थर अंथरले. वरच्या थराला चौदा तुकडे, प्रत्येकात एक रफू, ओबडधोबड दोन मधोमध. शेजारच्या काकू आल्या, माझा मोजपट्टीचा कारभार बघून म्हणाल्या, ‘वाकळ शिवताय का घराचा पाया घालताय?’ त्यांनीच दाखवलं, काठापासून सुरू करून गोल गोल आत यायचं, थर हाताने सारखे करत. कडेपासून सुरू केलं तर मधे कापड गोळा होतं असं मी वाचलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं. काकूंची रीतच चालली. दुहेरी दोरा, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. संध्याकाळी बोटं सुजायची. मैत्रीण आणि मी समोरासमोर बसायचो आणि तास तास बोलायचो नाही, किंवा मग आठवीतल्या कुणाकुणाची नालस्ती करायचो. तुमच्यातल्या कुणाची ते सांगत नाही.

एकदा मी म्हटलं, ‘ट्रंकेत कापूर ठेवूया का? थोडा वास धरेल.’ तिने सुई खाली ठेवली. ‘हे बघ, वास गेला तो गेला. त्याचं तू आता काही करू शकत नाहीस आणि उगाच काही करायला जाऊ नको. शीव.’ म्हणून मी शिवत राहिले.

दहा दिवसांत एकच गोधडी झाली. दुसरीसाठी चार साड्या अजून आहेत. त्या लेकीने स्वतः शिवायच्या असं त्या दोघींनी ठरवलं आहे. लेक कॉम्प्युटर सायन्सला आहे, म्हणजे बहुधा पंचवीस वर्षांनी होईल.

आज ती गोधडी मागच्या टेबलावर ठेवली आहे, बघून घ्या. हात लावला तरी चालेल, मालकिणीची परवानगी आहे. सकाळी चहाच्या वेळी बाईंनी ती बघितली. म्हणजे आधी अर्थातच उलटी केली. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपत चाचपत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेल्या. मी आठवीतल्यासारखी हात मागे बांधून उभी. म्हणाल्या, ‘काठाला माया बरी सोडलीस. हे कोपऱ्याचं कुणी केलं?’ मी म्हटलं, मी. ‘उसवून परत कर.’

जाता जाता एक. आपल्या तुकडीतर्फे बाईंना काही शिवून द्यावं असं आमच्या चारपाच जणींच्या मनात होतं. शाल, पर्स, उशी अशा पुष्कळ कल्पना निघाल्या. यावेळी मी आधी फोन करून विचारलं, बाई, काय शिवू? बाईंनी जराही विचार न करता सांगितलं, ‘माझ्या चष्म्याला घर शीव. आत मऊ सुती घाल, सॅटिन नको, चष्मा घसरून पडतो. आणि तोंडाला बटण लावू नको, मला लावता येत नाही.’ चष्म्याचं माप आत्ताच घेतलं आहे, दुपारच्या जेवणानंतर मागच्या टेबलावर शिवायला बसतोय. ज्यांना एखादा टाका घालायचा असेल त्यांनी यावं, मुलांनीसुद्धा. सुया आणि दोरे मी आणलेत. ओवायला ज्यांना जवळचा चष्मा लागतो त्यांनी तो आपापला आणावा.